आठ गाण्यांतलं सहावं

आधीच सांगून टाकतो, बँडचं नाव इथे लिहिणार नाहीये. चिरंजीवांची सक्त ताकीद आहे, "पप्पा काय लिहायचं ते लिहा पण नाव टाकू नका, लोकं म्हणतील बाप प्रमोशन करतोय." स्टुडिओचे पैसे बापाने भरलेले चालतात, प्रमोशन चालत नाही. असो. तसंही नाव लिहून तुम्हाला काही सापडलं नसतं, कारण त्यांचा लोगो वाचता येतो असा माणूस मला अजून भेटायचाय. आमच्या आईने तो पहिल्यांदा टीशर्टवर बघितला तेव्हा विचारलं, हे कसलं मूळ काढलंय रे, वडाचं का?

तर चिरंजीवांच्या मेटल बँडचा (जड गिटार आणि आरडाओरड्याचं ते संगीत) अल्बम आला एकदाचा. आठ गाणी, 38 मिनिटं. बँडमध्ये चौघं, तीन पोरं आणि एक पोरगी, सगळ्यात मोठा 18 चा आणि ती सगळ्यात लहान, 16 ची. आमचा गिटार वाजवतो आणि बारावीला आहे (हो, बारावीला, माहितीये, घरी यावर पुरेशी भांडणं झालीत, कमेंटमध्ये नकोत).

मी काही संगीतातला माणूस नाही. भोसरी एमआयडीसीत माझं छोटं प्रेसशॉप आहे, चार पॉवर प्रेस, एक सरफेस ग्राइंडर, एक मिलिंग, नऊ माणसं. आयटीआयला टूल अँड डाय, म्हणजे प्रेसचे साचे बनवायचं काम, केलं, पंधराएक वर्षं दुसऱ्यांच्या टूलरूममध्ये काढली, मग स्वतःचं. ब्रॅकेट, क्लॅम्प, वॉशर असला माल मारतो आम्ही, गाडीत कुठेतरी आत बसतो, कुणाला दिसत नाही. त्यामुळे मेटल म्हणजे माझ्यासाठी सीआरसी शीट, म्हणजे पत्रा, 1.2 मिलीमीटर, किलोला भाव काय. पोरगा आठवीत असताना पहिल्यांदा म्हणाला की मला मेटल आवडतं, तर मला खरंच दोन सेकंद वाटलं की चला, धंद्यात येतोय.

हे सगळं खूळ त्याच्या मामाचं. मामा मुंबईचा, नव्वदच्या दशकात धोबीतलावच्या रंगभवनात जाऊन बसायचा इंडिपेंडन्स रॉकला, म्हणजे रॉक बँडच्या मोठ्या कार्यक्रमाला. ते 1986 पासून चालू झालेलं, सगळे कॉलेजचे पोरं काळे कपडे घालून उन्हातान्हात उभे, आणि पुढे ती जागा शांतता क्षेत्रात येते म्हणून तिथले असले कार्यक्रम बंद पडले, यावर तो अजून हळहळतो, जसं काही आजोळ पाडलं. 2007 साली आयर्न मेडन हा इंग्लंडचा मेटल बँड बंगळूरला आला तर हा उद्यान एक्सप्रेसने उभ्याने गेला आणि दोन दिवस घरी फोन नाही. आमच्या सासऱ्यांनी तेव्हा जे ऐकवलं ते मी इथे लिहू शकत नाही. तर या मामाने भाच्याला सहावीत जुनी गिटार दिली आणि एक पेन ड्राइव्ह दिला, आणि झालं, बिघडलं काम.

पहिली तीन वर्षं मी फक्त सहन केलं हे प्रामाणिकपणे सांगतो. बेडरूमचं दार बंद, आतून घर्रर्र घर्रर्र, मी बाहेर टीव्हीचा आवाज वाढवतो, तो ॲम्पचा वाढवतो. सोसायटीच्या ग्रुपवर तक्रारी. गंमत म्हणजे गणपतीच्या आधी दीड महिना पलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर ढोल-ताशा पथकाची प्रॅक्टिस चालते, खिडकीच्या काचा थरथरतात, तेव्हा तोच ग्रुप जय्यत तयारी, जोरात, हार्ट, नमस्कार. पोरगा म्हणाला बघा पप्पा डेसिबल मोजून दाखवू का. म्हटलं नको बाबा, राहू दे, आपल्याला इथंच राहायचंय.

आणि त्याच पथकातून त्यांना ड्रमर मिळाला हे वेगळंच. तो पोरगा ताशा वाजवायचा. ताशाची तर्री ऐकलीय ना तुम्ही, ते कडकडकड न थांबता जातं, हात दिसत नाहीत नुसते, तर ते मनगट तयार असलेला पोरगा डबल पॅडलवर बसवला की काय होतं ते तुम्हाला कळेल. मेटलमध्ये ब्लास्ट बीट म्हणतात एक प्रकार, भल्याभल्या ड्रमरची दमछाक होते त्यात, हा म्हणे पहिल्याच दिवशी म्हणाला "एवढंच का?" हात तयारच होते, पायांना मात्र एक वर्ष लागलं.

मी यात ओढला गेलो तो 2025 च्या जुलैत. 5 जुलैला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर ब्लॅक सॅबथ या मेटलच्या आद्य बँडचा आणि त्याचा गायक ओझी ऑस्बोर्नचा शेवटचा कार्यक्रम झाला, हे चौघं आमच्या हॉलमध्ये बसून लॅपटॉप टीव्हीला लावून रात्रभर बघत होते. मी पाणी प्यायला उठलो तर टीव्हीवर एक म्हातारा माणूस सिंहासनासारख्या खुर्चीत बसून गातोय, उभं राहता येत नाहीये, आणि ही पोरं गप्प. मग 22 तारखेला तो ओझी गेला. आमचं कार्टं दोन दिवस जेवलं नाही नीट. मला आधी राग आला खरं तर, सख्खे आजोबा गेले तेव्हा एवढा रडला नव्हता. पण मग बापाचं मन, म्हटलं बघू तरी कोण होता हा माणूस, आणि रात्री मोबाईलवर वाचत बसलो.

तर ओझीचा बाप टूलमेकर होता!

मी दोनदा वाचलं. बर्मिंगहॅममधल्या जनरल इलेक्ट्रिकच्या कारखान्यात टूलमेकर, नाइट शिफ्टवाला. आई पण कारखान्यात. घरात दोन बेडरूम आणि सहा पोरं. आणि या पोराला गायचंय म्हटल्यावर बापाने उधारीवर, हप्त्यावर त्याला पीए सिस्टीम, म्हणजे माईक-स्पीकरचा संच, घेऊन दिली. मग ओझीने म्युझिकच्या दुकानात कार्ड लावलं की गायक आहे, काम पाहिजे, स्वतःची पीए आहे. आणि आवाज कसा का असेना, पीए आहे म्हटल्यावर लोक दारात आले. म्हणजे सगळी ब्लॅक सॅबथ एका टूलमेकरच्या हप्त्यावर उभी राहिली असं माझं मत झालंय, आणि ते आता बदलणार नाही.

आणि टोनी आयोमीचं तर वाचून मी झोपलोच नाही. हा त्यांचा गिटारवाला. 17 वर्षांचा, शीट मेटलच्या कारखान्यात कामाला. नोकरीचा शेवटचा दिवस. प्रेसवरचं नेहमीचं माणूस आलेलं नाही म्हणून याला बसवलं, सवय नाही मशीनची, आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. हा डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. हे तुम्ही वाचाल आणि अरेरे म्हणाल. मी वाचलं तेव्हा मला तो आवाज आला. 2004 मध्ये मी जिथे नोकरीला होतो तिथे माझ्यासमोर, तीन मशीन सोडून, एका पोराची दोन बोटं गेली होती, तो पण बदली ऑपरेटर, टू-हँड स्विचला (दोन्ही हातांनी दाबायचा, म्हणजे हात प्रेसमध्ये जात नाहीत) टेप लावून ठेवलेली, प्रॉडक्शन जास्त निघावं म्हणून. पन्नास टनाचा प्रेस आहे तो, त्याला बोट आणि पत्रा यातला फरक कळत नाही. आजही माझ्या शॉपमध्ये स्विचला कुणी टेप लावली तर त्याच दिवशी घरी, हा एकच नियम मी कधी मोडू दिला नाही.

तर आयोमीने काय केलं, प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याच्या टोप्या बनवल्या, घासून घासून बोटाच्या मापाच्या केल्या, वर चामडं लावलं. म्हणजे फिटिंगचंच काम! हलक्या तारा लावल्या, आणि पुढे 1971 च्या तिसऱ्या अल्बमला तारा सैल करून तीन पट्ट्या खाली उतरवल्या, कारण ताण कमी तर बोटाला त्रास कमी. त्या सैल तारेचा जो जाड, जड आवाज आला तोच आज सगळे मेटलवाले काढतात. माझा पोरगा ड्रॉप सी का काय ट्यूनिंग लावतो ते त्यातूनच आलेलं.

सकाळी मी पोराला विचारलं, स्टुडिओला किती लागतात?

*

आता यातलं टेक्निकल थोडं सांगतो, कारण पालक म्हणून मला कुणीच सांगितलं नव्हतं आणि मला वाटत होतं की माईक लावायचा, वाजवायचं, झालं. ब्लॅक सॅबथने पहिला अल्बम एका दिवसात रेकॉर्ड केला होता, मी पोरांना ते ऐकवलं पण, की बघा एका दिवसात. तर म्हणाले काका, तेव्हा क्लिक नव्हता.

क्लिक म्हणजे हेडफोनमध्ये टक टक टक वाजत राहतं, आणि सगळ्यांनी त्याच्यावर वाजवायचं. आधी कच्चं गाणं वाजवून ठेवतात, ते गाईड ट्रॅक. मग त्यावर ड्रम. ड्रमला एकट्याला अकरा माईक लावले हो, किकला दोन, स्नेअरला वर एक खाली एक, वरून दोन ओव्हरहेड. हे घरी होत नाही म्हणून ड्रमपुरता स्टुडिओ घेतला, दोन दिवसांचे 18 हजार, आणि गिटार, बेस घरीच इंटरफेस लावून कॉम्प्युटरवर. गिटारचा नुसता कोरडा सिग्नल घेतात, ऐकायला अगदी रबर बँड वाजवल्यासारखं, आणि ॲम्पचा आवाज नंतर चढवतात. एकच गिटार दोनदा वेगवेगळी वाजवायची, एक डाव्या कानाला, एक उजव्या कानाला. कॉपी पेस्ट चालत नाही, खरंच दोनदा वाजवावी लागते आणि दोन्ही तंतोतंत बसली पाहिजेत.

इथे माझा पोरगा मला पहिल्यांदा कळला असं म्हणायला हरकत नाही. एका गाण्यात चार सेकंदांचा तुकडा आहे, त्याचे त्याने एका रात्रीत साठ-सत्तर टेक घेतले. मी मागे खाटेवर बसलेलो. मला सगळे सारखेच वाटत होते. तो थांबायचा, स्क्रीनवर मोठं करून बघायचा, "नाही, पुढे गेलीये", डिलीट. किती पुढे? तर म्हणे दहा मिलिसेकंद. म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग. आणि मी ज्या डाय बनवतो त्यात पंच आणि डायमधला क्लीअरन्स एक मिलीच्या पत्र्याला एका बाजूने पाच शतांश धरतो, तो सहा-सातचा झाला तर माझी झोप उडते, बर, म्हणजे कडेला धार, येते मालाला. दहावीला गणिताच्या पेपरात घाईघाईत चुका करून 20 मिनिटं आधी उठून आलेला पोरगा हाच का, असं वाटलं. मी काही बोललो नाही. चहा करून दिला रात्री दीडला. त्याने तो घेतलाच नाही, गार झाला तिथेच.

माझं कॉन्ट्रिब्यूशन विचाराल तर पैसे सोडून दोन गोष्टी. एक, किक पॅडलची पिन सारखी निखळायची, दुकानवाला म्हणाला पूर्ण पॅडल बदला, मी ईएन-8 स्टीलची पिन टर्न करून हार्ड करून दिली, अजून टस से मस नाही. दुसरं म्हणजे गुरुवार. आमची सुट्टी गुरुवारी असते, तर दर गुरुवारी शॉपमध्ये जॅम, पोरं कच्च्या मालाच्या रॅकसमोर उभी राहून वाजवायची. त्याच दिवशी मेंटेनन्ससाठी लाइट जाते, मग जनरेटर लावायचा, डिझेल माझं. जनरेटर आणि बँड एकत्र चालू असताना शेजारचा गाळेवाला येऊन विचारून गेला, नवीन मशीन घेतलं का? म्हटलं हो, ट्रायल चालूये.

गाणारी पोरगी निगडीची. गाणारी म्हणू का नको माहीत नाही, ते गुरगुरतात ना खोल आवाजात, ते. शास्त्रीय शिकलेली आहे, प्रवेशिका पूर्णपर्यंतच्या परीक्षा झाल्यात तिच्या. तिच्या आईचे मला फोन यायचे, की भाऊ हिचा घसा जाणार, लग्नाच्या वयाला आवाज राहणार नाही. शेवटी आम्ही दोघं तिला घेऊन कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे गेलो, त्यांनी दुर्बीण घालून बघितलं आणि तिला म्हणाले, करून दाखव. बाहेर वेटिंगमधलं एक लहान मूल रडायला लागलं. डॉक्टर म्हणाले मूळ स्वरतंतू ठीक आहेत, हा आवाज त्यांच्या वरच्या घड्यांमधून येतोय, जोर लावून ओरडलीस तर वाट लागेल, तंत्राने केलंस तर कर, पाणी भरपूर पी आणि दुखलं की थांब. पोरगी शांतपणे म्हणाली, "आमचे सर रियाजाला हेच सांगतात."

*

आता सहावं गाणं.

सात गाणी इंग्रजीत आहेत. काय म्हणतात मला कळत नाही, लिहून दिलं तरी फार कळत नाही, मृत्यू, अंधार, राख असं बरंच आहे, सोळाव्या वर्षी माणसाला राखेचं काय पडलेलं असतं देव जाणे. पण सहावं मराठीत आहे. ते कुठून आलं तर न्यूझीलंडवरून. तिकडे एलियन वेपनरी म्हणून बँड आहे, 2018 मध्ये पहिला अल्बम आला तेव्हा दोन भाऊ आणि एक मित्र, पोरंच होती ती, आणि गातात माओरी भाषेत. 1864 ची इंग्रजांशी झालेली लढाई, त्यात त्यांचाच पूर्वज होता, त्यावर गाणं. त्यांचे वडीलच बँडचा साऊंड बघायचे म्हणे, हे पोराने मला मुद्दाम सांगितलं, मी त्याचा अर्थ काय घ्यायचा तो घेतला. तर हे चौघं म्हणाले की ते स्वतःच्या भाषेत स्वतःच्या गावाचं सांगतात, आपण तिकडच्या मेटलवाल्यांसारखं नॉर्वेच्या बर्फाचं कशाला सांगायचं, आपल्याकडे काय आहे?

आपल्याकडे इंद्रायणी आहे.

आम्ही मोशीला राहतो, आळंदी हाकेच्या अंतरावर. बघितलं असेल तुम्ही बातम्यांत, बंधाऱ्यावरून पाणी पडतं तिथे पांढरा फेस, बर्फासारखा, कार्तिकीला, पालखीच्या वेळेला, वारकरी त्याच फेसात उभे राहून अंघोळ करतात. साबण-डिटर्जंटचं सांडपाणी, कारखान्यांचं केमिकल, सगळं मिळून पाणी घुसळलं की फेस. पोरांनी त्याच्यावर लिहिलं. ज्या नदीने तुकोबांच्या गाथा तारल्या ती आता काय तारणार, अशा अर्थाचं आहे. सुरुवातीला ताशा, खरा ताशा, एकटा. मग गिटार. मग ती पोरगी, आधी सरळ आवाजात दोन ओळी, जवळजवळ ओवीसारख्या, आणि तिसऱ्या ओळीला तो खालचा आवाज. मला ते ऐकून अंगावर काटा आला, आणि मला मेटल आवडत नाही हे लक्षात घ्या.

आई माझी वारीला जाते, तिला भीतभीत ऐकवलं. तिने पूर्ण ऐकलं, सहा मिनिटं. मग म्हणाली, "हे ओरडून काय होणारे? अर्ज लिहा, सह्या घ्या. मी देते पंचवीस बायकांच्या सह्या." आणि खरंच वही घेऊन बसली.

पण मला वेगळंच सांगायचंय. हे गाणं लिहीत असताना पोरगा एका गुरुवारी शॉपमध्ये मला विचारतो, "पप्पा आपलं पाणी कुठे जातं?" मी जरा ऐटीतच सांगितलं, आपलं काही जात नाही, प्रेसशॉपला पाणी लागतंच कुठे, कूलंट आणि तेल बॅरलमध्ये भरतो, अधिकृत गाडी येऊन घेऊन जाते, पावती आहे, दाखवू? बरं म्हणाला. मग त्याने रॅकमधला एक ब्रॅकेट उचलला, पिवळसर चमकणारा, झिंक प्लेटिंग केलेला. "आणि हे?"

हे आम्ही करत नाही, बाहेरून करून घेतो.

"मग त्यांचं पाणी कुठे जातं?"

आता प्लेटिंग म्हणजे सगळा पाण्याचाच खेळ. ॲसिडची टाकी, मग धुवा, झिंकची टाकी, मग धुवा, पॅसिव्हेशन, मग धुवा. प्रत्येक धुण्याचं पाणी कुठेतरी जाणारच. ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट पाहिजे, त्यात ते पाणी न्यूट्रल करायचं, गाळ बसवायचा, गाळ वेगळा पाठवायचा. मला हे सगळं माहितीये. आणि अकरा वर्षं त्या माणसाकडे माल देतोय, कोटिंग किती मायक्रॉन बसलं ते मी दर लॉटला मोजतो, सॉल्ट स्प्रेचा, म्हणजे गंज चाचणीचा, रिपोर्ट मागतो, आठ मायक्रॉनच्या जागी सहा आलं तर माल परत पाठवतो. पण पाणी कुठे जातं हे मी एकदाही विचारलेलं नाही. भाव किलोला आठ आणे कमी कर, एवढंच विचारलंय.

पोराला मी म्हणालो की असतं त्यांच्याकडे सगळं, सरकारी लोकं येतात चेक करायला. तो हो म्हणाला आणि गिटार ट्यून करायला लागला. वाद घातला असता तर बरं झालं असतं.

मग गाणं झालं, मिक्स झालं. पहिला मिक्स म्हणजे आमचा फर्स्ट पीस अप्रूव्हल, पहिला नग पास करून घेतात तसं, चार वेळा रिजेक्ट केला पोरांनी, मिक्स करणारा दादा पार कंटाळला, बिचारा पैसे पण कमीच घेत होता. मास्टरिंग झालं. ऑनलाइन टाकायला एका सर्व्हिसला वर्षाचे पैसे भरायचे, प्रत्येक गाण्याला एक आयएसआरसी कोड मिळतो, गाडीच्या नंबरसारखा, तो बघून मला उगाच भारी वाटलं. नाव, तारीख, कोड. आपल्या मालाला पार्ट नंबर असतो तसं. कव्हर त्यांच्याच कॉलेजच्या एका पोरीने काढलं, बंधारा आणि फेस, फेसात नीट बघितलं तर चेहरे.

रिलीजच्या रात्री बारा वाजता चौघं आमच्याकडेच. मामा मुंबईहून आला, टीशर्ट पोटावर ताणून. पहिल्या आठवड्यात किती जणांनी ऐकलं ते सांगत नाही, नातेवाईक वजा केले तर हातात फार काही उरत नाही. टीशर्ट 50 छापले, 22 गेले. यातले दोन माझ्या ऑपरेटरांनी घेतले, एक जण तर शिफ्टला घालून येतो. पोराचं तोंड पडेल असं वाटलं होतं, पण एक कुणीतरी चिलीमधला माणूस लिहून गेला की सहावं गाणं काय भाषा आहे, शब्द द्या ना, तर हे तेवढ्यावर उडतायत. आता चिलीवाल्यासाठी इंद्रायणीचं इंग्रजी करणं चालूये.

मी सहावं गाणं गाडीत ऐकतो. एकटाच असलो की. मोशी ते भोसरी बरोबर तीनदा होतं, ट्रॅफिक असलं तर पाच.

परवा मी प्लेटिंगवाल्याकडे गेलो होतो. लॉट घ्यायला पोरगं पाठवतो नेहमी, या वेळी स्वतः गेलो. चहा आला, भावाचं बोलणं झालं. मग मी सहज विचारल्यासारखं विचारलं, की शेठ तुमचा ईटीपी कुठे बसवलाय, बघू तरी एकदा, कस्टमरचं ऑडिट आहे आमच्याकडे. हे खोटंच होतं. तो माझ्याकडे बघत राहिला, मग हसला, मागच्या बाजूला घेऊन गेला. टाकी आहे. पंप आहे. पाइप आहेत. सगळं कोरडं.

"आज मोटर जळालीये," म्हणाला. "उद्या येणारे वायंडिंग होऊन."

मी मान हलवली, लॉट गाडीत टाकला आणि निघालो. त्याच्याएवढ्या भावात दुसरा माणूस चाकणच्या अलीकडे मिळत नाही, हे मी दोन दिवस झाले फोन लावून बघतोय. पोराला अजून काही सांगितलेलं नाही. गुरुवारी जॅम आहे.